दहावीनंतर कॉलेजात यायचंय? गावाकडच्या पोरापोरींनी काय, कधी अन् कसं करून ठेवायचं

मी सध्या अमरावतीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यात, घरी कोरडवाहू वावर, कपाशी अन् तूर. रूमवर आम्ही चौघी राहतो, बाकीच्या तिघी धारणी, रिसोड अन् मोर्शीकडच्या. कॉलेजं वेगवेगळी आहेत, पण "हे आपल्याला दहावीतच कोणी सांगायला पाहिजे होतं" म्हणून यादी काढली की चौघींची सारखीच निघते. अन् त्या यादीत "खूप अभ्यास कर" हे नाही, ते तर घरी-शाळेत सगळेच सांगतात. शहरातल्या पोरांच्या घरी कोणी ना कोणी आधी कॉलेजात जाऊन आलेलं असतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आपणच पहिले असतो, त्यामुळे जी गोष्ट त्यांना अकरावीत माहीत असते ती आपल्याला जून महिन्यात सेतू केंद्राच्या लाइनीत उभं राहिल्यावर समजते. डोकं कमी नसतं आपलं, वेळ चुकते. म्हणून खालचं सगळं वेळेच्या क्रमानं लिहिते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तर त्या वर्षीचं सीईटी सेलचं (राज्याची प्रवेश परीक्षा अन् प्रवेश बघणारं सरकारी ऑफिस) माहितीपत्रक स्वतः वाचायचं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर जायचं नाही.

१. दहावीचा फॉर्म भरतानाच नाव जुळवून घ्या

बोर्डाचा फॉर्म भरल्यावर शाळेत प्री-लिस्ट येते, त्यावर तुमचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात छापलेली असते अन् तुमची सही घेतात. बरेच जण न वाचता सही करतात. तो कागद आधार कार्ड बाजूला ठेवून एकेक अक्षर लावून वाचा. ज्ञानेश्वर इंग्रजीत डी-एन-वायनं लिहिलंय का जी-वायनं, आडनावात शेवटी एक 'ए' जास्त आहे का, आईचं नाव तेच आहे का. आधारवर नाव आधी अन् मार्कशीटवर आडनाव आधी असलं तर फारसं अडत नाही, स्पेलिंग वेगळं असलं की मात्र प्रत्येक ठिकाणी अडतं, स्कॉलरशिपमध्ये तर हमखास. प्री-लिस्टवर दुरुस्ती म्हणजे पेनानं गोल करून सरांना सांगणं एवढंच काम. तेच मार्कशीट छापून आल्यावर करायचं म्हटलं की शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव, म्हणजे आपल्यासाठी नागपूर नाहीतर अमरावती, अन् मग महिनोन्‌महिने वाट.

टीसी हातात घेतानाही तसंच. जन्मठिकाण, जात अन् राष्ट्रीयत्व लिहिलंय का ते शाळेच्या ऑफिसातच उभं राहून बघा, अन् तीन-चार झेरॉक्स काढल्याशिवाय ओरिजिनल टीसी कुठंच जमा करू नका.

२. कागदं अकरावीतच काढा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका

हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, कारण मार्क चांगले असून कागदापायी सीट गेली अशी पोरं आम्ही दरवर्षी बघतो. आधी यादी घ्या:

- दहावीची मार्कशीट अन् बोर्ड सर्टिफिकेट, पुढं बारावीची मार्कशीट
- टीसी
- आधार कार्ड, त्याला चालू मोबाईल नंबर जोडलेला
- वय, अधिवास अन् राष्ट्रीयत्वाचा दाखला (डोमिसाईल)
- उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला
- जात पडताळणी प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी
- नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला (एससी-एसटीला लागत नाही, ओबीसी, व्हीजेएनटी म्हणजे विमुक्त-भटक्या जमाती, एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्ग, एसईबीसी म्हणजे सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग, यांना लागतं)
- ओपनमध्ये असाल अन् बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला
- सातबारा (कृषीला जायचं असेल तर)
- आधार जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं
- पासपोर्ट फोटो, एकाच वेळी भरपूर काढून ठेवा

यातला सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे व्हॅलिडिटी. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, तो खरा आहे का हे जिल्ह्याची पडताळणी समिती तपासते. एसटीसाठी समिती वेगळी असते अन् तिथं वेळही जास्त जाऊ शकतो, म्हणून आदिवासी भावाबहिणींनी तर अकरावीला ॲडमिशन झाली की लगेच लागायचं. अकरावी-बारावी सायन्सच्या पोरांचा अर्ज कॉलेजच्या शिफारशीनं जातो, अर्ज ऑनलाइन असतो, सोबत वंशावळीचं शपथपत्र लागतं.

खरी मेहनत असते जुना पुरावा शोधण्यात. तुमची जात त्या ठरलेल्या तारखेच्या आधीच्या कागदावर दिसायला पाहिजे, अन् तुमचं कुटुंब त्या तारखेला महाराष्ट्रात होतं हेही दिसायला पाहिजे. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी अन् एसबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे काम आबाजींच्या, नाहीतर पणजोबांच्या कागदापर्यंत जातं.

तो कागद कुठं मिळतो? पहिले आबाजी ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसले होते तिथं जा, दाखल-खारीज रजिस्टर असतं, हेडमास्तर त्यातला उतारा देतात. आबाजी शाळेतच गेले नसतील, जे आपल्याकडे लय घरांत आहे, तर त्यांचे भाऊ किंवा चुलतभाऊ गेले असतील, त्यांचाही चालतो, फक्त नातं बापाकडचं रक्ताचं पाहिजे, मामाकडचं चालत नाही. तेही नसलं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागा. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवायचा, त्याचं ते रजिस्टर. आता त्या पानावर काय असतं ते आधीच सांगते, कारण पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. फिकी शाई, मोडकी कड, अन् बरेचदा बाळाचं नाव नसतंच, फक्त बापाचं नाव, जात, गाव, तारीख अन् पुढं "मुलगा" किंवा "मुलगी". मग हा मुलगा म्हणजे आपले आबाजीच, हे वंशावळीवरून अन् बाकीच्या कागदांवरून जुळवावं लागतं. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून वंशावळ लिहून घ्या, कोण कोणाचा भाऊ, कोणाला किती लेकरं, कोण कोणत्या गावी गेलं. ही माहिती कोणत्याच ऑफिसात मिळत नाही, ती त्यांच्याच डोक्यात असते.

अन् आधी हे विचारा की काका, आत्या, चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाची व्हॅलिडिटी झाली आहे का. झाली असेल तर तिची प्रत जोडा, काम खूप सोपं होतं.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस हे वेगळ्या प्रकारचे कागद आहेत, यांना मुदत असते अन् ती ३१ मार्चला संपते. म्हणजे हे लवकर काढून उपयोग नाही, ज्या वर्षी ॲडमिशन त्या वर्षी १ एप्रिलनंतर काढायचे. एप्रिलमध्येच काढा, मे-जूनमध्ये सगळा तालुका एकदम सेतूवर येतो, सर्व्हर बंद पडतो, तलाठी पेरणीच्या अन् कर्जाच्या कागदांत अडकलेले असतात. नॉन-क्रिमीलेअरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला दिला तर ते तीन वर्षांचं मिळू शकतं, तसंच मागा.

एक सापळा अजून: जेईईवरून एनआयटीत (केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं), किंवा नीटवरून मेडिकलच्या ऑल इंडिया कोट्यात ओबीसीतून जायचं असेल तर राज्याचं नॉन-क्रिमीलेअर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो अन् आपली जात केंद्राच्या यादीत असावी लागते. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या सीट महाराष्ट्राच्या पोरांसाठी असतात, तेव्हा हा दाखला काढून ठेवणं वाया जात नाही.

सेतूवर किंवा कुठंही पैसे दिले की पावती घ्या. "दोन दिवसांत काढून देतो" म्हणणाऱ्याला ओरिजिनल कागद देऊ नका.

३. अकरावीला शाखा निवडताना

मार्क चांगले पडले म्हणजे सायन्सच, असं गावात समजतात. तसं काही नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, अन् ज्याला घरचं बघून लवकर हाताला काम पाहिजे त्याच्यासाठी आयटीआय चांगला आहे. आर्ट्स घेऊन नीट वाचन करणारी पोरगी, सायन्स घेऊन दोन विषयांत अडकलेल्या पोरीपेक्षा पुढं जाते, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. मॅथ्स सोडायचं का बायोलॉजी, हे ठरत नसेल तर दोन्ही ठेवा, भार वाढतो पण दारं उघडी राहतात.

आता अकरावीचे प्रवेश २०२५ पासून पूर्ण राज्यात ऑनलाइन झालेत, तालुक्याच्या कॉलेजलाही पोर्टलवरूनच जावं लागतं. पसंतीक्रम भरताना एक बघा: काही कॉलेजं फक्त नावाला असतात, पोरगा शहरातल्या क्लासमध्ये अन् हजेरी गावच्या कॉलेजात. यात तुमचं प्रॅक्टिकल कोरडं जातं, पिपेट हातात न धरता बारावी होते, अन् पुढं पहिल्या सेमिस्टरच्या लॅबमध्ये ते उघडं पडतं. लाखभर रुपये क्लासला घालण्याआधी बापाच्या कपाशीचा हिशोब मांडा अन् मग ठरवा. क्लास नको असं मी म्हणत नाही, पण क्लास लावला म्हणजे झालं असं नसतं.

मुलींनो, बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटी बसचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. शाळा-कॉलेजातून फॉर्म घ्या, गाडी भाड्यापायी कॉलेज सोडायची पाळी येऊ देऊ नका.

४. अकरावी-बारावीचा अभ्यास, अन् इंग्रजीची भीती

मराठी मीडियमवाल्यांना अकरावी सायन्सचा पहिला महिना भिंतीसारखा वाटतो. विषय येत नाही असं नसतं, नावं बदललेली असतात. तुम्ही दहावीत अपवर्तन शिकलात, इथं सर रिफ्रॅक्शन म्हणतात. भिंग म्हणजे लेन्स, अभिक्रिया म्हणजे रिॲक्शन, आवर्ती सारणी म्हणजे पिरिऑडिक टेबल. यावर सगळ्यात स्वस्त इलाज असा: दहावीची परीक्षा झाली की बालभारतीच्या साइटवरून दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक मोफत डाउनलोड करा, अन् तुमचं मराठी पुस्तक बाजूला उघडून तोच धडा दोन्हीत वाचा. गुरुत्वाकर्षणापासून सुरू करा, पहिलाच धडा आहे. ओळीला ओळ लावायची, शब्द वहीत लिहायचे. आपल्याकडे उन्हामुळं शाळा-कॉलेजं उशिरानं, जूनच्या शेवटाकडे सुरू होतात, म्हणजे वेळ भरपूर आहे. सकाळी उन्हाच्या आधी तास-दीड तास केलं तरी दोन्ही भाग संपतात. धारणीवाली मैत्रीण घरी कोरकू बोलते, मराठी तिची शाळेची भाषा, इंग्रजी तिसरी, तिनं असंच केलं अन् आज ती आम्हाला केमिस्ट्री समजावते.

सीईटीबद्दल हे पक्कं लक्षात ठेवा. पीसीएम ग्रुपला २०० मार्क, तीन तास. फिजिक्स अन् केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका मार्काचे, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे अर्धा पेपर एकटं मॅथ्स आहे. पहिले दीड तास फिजिक्स-केमिस्ट्री, पुढचे दीड तास मॅथ्स. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. (नीटला निगेटिव्ह आहे, तिथं अंदाजपंचे टिकमार्क करू नका.) साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, तेव्हा "अकरावी आरामाची" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बोर्डालाही सोडून चालत नाही, इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना ४०.

पेपर कॉम्प्युटरवर असतो. आपल्यातल्या लय पोरांनी माऊस धरलेला नसतो, उत्तर येत असतं पण हात थरथरतो. शाळेत कॉम्प्युटर बंद पडलेले असतील तर तालुक्याच्या एमएस-सीआयटी सेंटरवर जाऊन विचारा, तासावर बसू देतात बरेच जण. मोबाईलवर टेस्ट देऊन ती सवय होत नाही.

अन् सेंटर शहरात आलं असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा. एप्रिल-मेमध्ये विदर्भाचं ऊन, पहिली एसटी चुकली की सकाळची शिफ्ट गेली.

५. कॅप राऊंड: फॉर्म स्वतःच्या नंबरवरून भरा

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नाही, तुम्ही शंभरातल्या ९० जणांच्या बरोबरीनं किंवा पुढं आहात असा त्याचा अर्थ. मग कॅपचं (सरकारच्या एकत्रित ऑनलाइन प्रवेशाचं) रजिस्ट्रेशन, कागद तपासणी, मेरिट लिस्ट, ऑप्शन फॉर्म, अलॉटमेंट, असा क्रम.

सगळ्यात मोठा सापळा नेट कॅफेवाला. तो फॉर्म भरून देतो, पण मोबाईल नंबर अन् ईमेल स्वतःचा टाकतो, पासवर्डही त्याच्याचकडे. अलॉटमेंट लागली तरी तुम्हाला मेसेज येत नाही, ओटीपीसाठी त्याच्या दुकानासमोर बसावं लागतं. फॉर्म कोणाकडूनही भरून घ्या, पण नंबर घरातलाच द्या, पासवर्ड वहीत लिहा, अन् ॲडमिशन होईपर्यंत तो रिचार्ज संपू देऊ नका.

ऑप्शन फॉर्म भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर मिळतात, ते काढून बसा. वर तेच कॉलेज टाका जे मनापासून पाहिजे, मिळेल का नाही याचा विचार करून खाली ढकलू नका, तुमच्या मार्कात वरचं नाही मिळालं तर सिस्टीम खालचं बघतेच. पण पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते पक्कं होतं, पुढच्या राऊंडला जाता येत नाही, म्हणून नको असलेलं कॉलेज पहिलं टाकू नका. अन् दोन-चारच ऑप्शन टाकून थांबू नका, यादी लांब करा, शेवटी असं कॉलेज ठेवा जे नक्की मिळेल.

सरकारी कॉलेजं आधी बघा. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर इथं सरकारी इंजिनिअरिंग आहे. बीएस्सी करायची तर अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था, म्हणजे जुनं विदर्भ महाविद्यालय, व्हीएमव्ही, १९२३ पासूनची आहे. कृषीला अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. निकालानंतर गावात गाडी घेऊन येणारे, "डोनेशन कमी करून देतो, कॅप कशाला" म्हणणारे लोक असतात. कॅपबाहेर घेतलेल्या सीटवर बऱ्याच सवलती मिळत नाहीत, हे ते सांगत नाहीत.

६. पैसे: फी पेरणीच्या दिवसांत येते

आपल्या घरात पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, कापूस विकल्यावर. ॲडमिशन येते जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा होता तो पैसा बियाण्यात-खतात गेलेला असतो. सावकाराकडं जायची वेळ इथंच येते. म्हणून सवलती आधी माहीत पाहिजेत.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर सगळ्या स्कॉलरशिप आहेत. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला पोस्ट मॅट्रिक, ओपन अन् ईडब्ल्यूएसला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला ईबीसी म्हणतात, तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी गोष्ट झाली: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी अन् ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी अन् परीक्षा फी पूर्ण माफ. हॉस्टेल, मेस, बाकीचा खर्च आपलाच. "पोरीच्या फीला पैसे कुठून आणायचे" म्हणून कोणी थांबवत असेल तर हे घरी दाखवा.

कॉलेजच्या ऑफिसात "पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ" म्हणतात कधीकधी. स्कॉलरशिपला पात्र असणाऱ्यानं पूर्ण फी आधी भरायची गरज नसते. शांतपणे कागद दाखवा, काय ते लेखी मागा, नाही ऐकलं तर समाजकल्याण ऑफिसात जा. एकटं जाऊ नका, सोबत कोणी सीनियर न्या.

पैसे खात्यात न येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, खातं आधारला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यायला, जोडलेलं नसतं. बँकेत केवायसी झाली म्हणजे हे झालं असं नाही. बँकेत जाऊन "आधार सीडिंग, डीबीटीसाठी" असं स्पष्ट सांगा, अन् दोन-तीन खाती असतील तर पैसे कुठल्या खात्यात येणार ते विचारून घ्या.

७. राहायचं कुठं

समाजकल्याण अन् आदिवासी विकास विभागाची सरकारी हॉस्टेलं आहेत, राहणं-जेवण फुकट, ॲडमिशन मेरिटवर, अन् अर्जाची तारीख वेगळी असते, कॉलेजच्या ॲडमिशनसोबत ती आपोआप होत नाही. नंबर नाही लागला तर निराश होऊन घरी बसू नका, एससीला स्वाधार, एसटीला स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. ओपन अन् ईबीसीवाल्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. या पैशांना उशीर होतो, पहिले काही महिने घरूनच भागवावं लागेल असं धरूनच चाला.

खासगी रूम घेताना डिपॉझिटची चिठ्ठी लिहून घ्या, लाइट बिल वेगळं का आत ते विचारा, उन्हाळ्यात पाणी येतं का हे शेजारच्या पोरींना विचारा, घरमालकाला नाही. गावाहून ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट आणलं अन् चौघींनी मिळून स्वयंपाक केला की मेसपेक्षा निम्म्यात होतं.

८. पहिलं सेमिस्टर

क्लासमध्ये इंग्रजी फाडफाड बोलणारे दिसतील. त्यांना विषय येतो असं समजून गप्प बसू नका, प्रश्न मराठीत विचारा, सर उत्तर देतात. आपल्या विदर्भातल्या कॉलेजांत शिकवणारे बरेच सर-मॅडम स्वतः कास्तकाराच्या घरातून आलेत. लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात करा, बुक बँक आहे का विचारा, पुस्तकं विकत घ्यायची घाई नको.

दर दोन दिवसांनी गावी पळू नका. पहिल्या दोन महिन्यांत हजेरी पडली की स्कॉलरशिपही अडते अन् विषयही बॅकला जातो, मग दोन्हीकडून मार. करमत नाही, ते सगळ्यांचंच होतं, दिवाळीपर्यंत कमी होतं. फारच जड जात असेल, झोप लागत नसेल, तर रूममेटला सांगा, नाहीतर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा, फुकट आहे अन् मराठीत बोलता येतं.

घरी मात्र निकाल लपवू नका. विषय राहिला तर फोनवर त्याच दिवशी सांगा, सोबत परत परीक्षा कधी आहे तेही सांगा. स्कॉलरशिपचा फॉर्म दरवर्षी रिन्यू करावा लागतो, तारीख निघाली की त्याच आठवड्यात भरा, उत्पन्नाचा दाखला नवा लागला तर बाबांना एप्रिलमध्येच सांगून ठेवा, म्हणजे ते बँकेच्या कामानं तालुक्याला जातील तेव्हा त्याच फेरीत तलाठ्याकडचंही काम होऊन जाईल.